पूजेतला पाना

भद्रावती,
ता. ६ एप्रिल १९८७

॥ श्री ॥

चि. श्रीहरी यास कमलाचे अनेक आशीर्वाद.

काल नागपूरहून एस.टी.च्या पार्सलनं सामान आलं, ते असं:
पुढच्या चाकाची आतली मोठी बेअरिंग, वाटीसकट, नग २ आणि बाहेरची लहान, वाटीसकट, नग २, मिळून रुपये १८४. तेलसील नग २, रुपये ११. पिवळं ग्रीस अर्धा किलो, रुपये १४. पिना एक डझन, दीड रुपया. पार्सलचं भाडं रुपये ६. एकूण २१६ रुपये ५० पैसे.

वहीत लिहिलं तसंच इथं उतरवलं. दुसरं काय लिहून सुरुवात करावी ते सुचेना. याआधीची माझी तीन पत्रं तुला मिळाली की नाही, कळलं नाही. हा चामोर्शीच्या गॅरेजचा पत्ता झिंगू ड्रायव्हरनं दिला. तो आठवड्यातून एकदा तिकडे सिमेंटचा ट्रक नेतो.

फियाट विकायची ठरली आहे. त्या दसऱ्यापासून कारखान्याच्या क्वार्टरमागे ताडपत्रीखाली उभी आहे. तिचं डावं अंग झिंगूच्या ओळखीच्या माणसानं ठोकून सरळ केलं, पण चाकाचं काम तसंच राहिलं होतं. नागभीडचे बापूजी, भाताच्या गिरणीवाले, घेतात. त्यांना काही ती विमानपट्टीवर शर्यतीत पळवायची नाही, घरची बायकामुलं बसवायची आहेत. म्हणून पुढची दोन्ही चाकं नवी बेअरिंग टाकूनच द्या असं त्यांनी सांगितलं. अखाजीच्या मुहूर्तावर नेतील.

तुझे भाऊजी म्हणाले, घरीच करू. कुबडी घेऊन खाली बसता येत नाही, तर ते स्टुलावर बसून सांगतील आणि हात माझे. मी म्हटलं, श्रीहरीला एक कार्ड टाकते, तो येऊन दोन तासांत करील. त्यावर काय बोलले ते लिहीत नाही. तूच समज. दीड वर्ष जे चाललं आहे तेच, की मेव्हण्यानं चाक ढिलं ठेवलं आणि माझा पाय गेला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. पोस्टमनला पण सांगितलं.

त्या नवमीचं मला काही लिहायचं नाही. झालं ते झालं.

एवढंच विचारायचं होतं. नट कसल्यावर मागे किती घ्यायचा? हे म्हणतात एक खाच. तू दीड म्हणायचास असं मला आठवतं. कळव.

तुझी थोरली बहीण,
कमला


ता. १५ एप्रिल १९८७

चि. श्रीहरीस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. काम झालं.

शनिवारी केलं, मारुतीचा उपास होता म्हणून स्वयंपाकाचा खोळंबा नव्हता. लुगडं वर खोचून बसले. चाक काढलं, हबाची टोपी स्क्रूड्रायव्हरनं उचलली, जुनी पिन वाकडी झाली होती ती पकडीनं ओढली. हे वरून, "अवो, टोपी ठोकू नको, ते का नारळ हाय फोडाले?" मी म्हटलं, "नारळ असता त देवाले तरी पावला असता." बरेच दिवसांनी हसले.

जुन्या वाट्या आतून पंचानं ठोकून काढायच्या होत्या. आडव्या बसतात, एकीकडून ठोकली की दुसरीकडून अडते. थोडं इकडे, थोडं तिकडे, असं करत अर्धा तास गेला. डाव्या चाकाची आतली वाटी निळी-काळी झाली होती आणि तिच्यावर खड्डे होते, दाढेला कीड लागते तसे. रोलर तर अर्धेच सापडले. मी ती वाटी फेकणार होते. हे म्हणाले, "राहू दे, इकडे दे." खिशात टाकली.

नवी वाटी बसवताना यांनी डोळे मिटायला लावले. "आवाज आयक. बोदा आवाज येते तवरीक ठोक. खणकन् वाजली का बसली." बोदा, बोदा, बोदा, आणि मग खरंच आवाज पालटला. मला एकदम तू आठवलास. तू नुसता आवाज ऐकून अंगणातून सांगायचास, भाऊजी, बसली.

ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्याच्यात दाबून भरायचं, दुसऱ्या बाजूनं शेवयासारखं बाहेर निघेपर्यंत. नंतर हब चढवला, नट लावला. चाक एका हातानं फिरवत फिरवत दुसऱ्या हातानं कसायचं, जड झालं की मागे घ्यायचं. एक खाच घेतली. तुझी दीड मी घेतली नाही, यांच्यासमोर तुझं नाव नको म्हणून. मग चाक वर-खाली धरून हलवून पाहिलं, किंचित टक् वाटलं पाहिजे, जास्त नाही. पिन टाकली. तसंच उजवं.

मग झिंगूला बोलावलं. तो गाडी वरोऱ्याच्या रस्त्याला पाच-सहा मैल फिरवून आला. चाक परत उचललं आणि मी वर-खाली धरलं, तर चांगलंच हललं. मी घाबरले. हे शांत होते. म्हणाले, "असंच होते. नव्या वाट्या गाडी चालल्यावर अजून बसतात, मंग ढिल पडते. म्हणून त दुसऱ्यांदा पाना लावा लागते. दोन मिनिटाचं काम. लाव."

पाना माझ्या हातात होता. मला लावता येईना.

हे म्हणाले, "काऊन थांबली?" मी म्हटलं, हात चिकट झाला. पदराला पुसला आणि लावला.

काल चौदा तारीख, जयंतीची मिरवणूक निघाली. शेजारच्या केसरबाईकडून जॅक आणला होता तो परत द्यायला गेले. तिनं खीर दिली. कुठून विषय निघाला कुणास ठाऊक, म्हणाली, "कमलाबाई, त्या दसऱ्याले आम्ही घरी असतो ना, तुमच्या भावाले पाना भेटला असता. आमच्या घरी का पाने पूजेत मांडतात?" मी विचारलं, त्यानं तुमच्याकडे मागितला होता? ती म्हणाली, "आम्ही त सगळे नागपूरले, दीक्षाभूमीवर. आल्यावर समोरच्या बुढीनं सांगतलं, तो आमच्या कुलपासमोर उभा होता मणे."

मला हे माहीत नव्हतं. खीर तशीच घेऊन आले.

कमला


ता. २३ एप्रिल १९८७

श्रीहरी,

झिंगू काल आला. त्याच्या तोंडून कळलं की तू गॅरेजमध्ये नाहीस, मागच्या पावसाळ्यापासूनच नाहीस. माझी पत्रं मालकाच्या गल्ल्यात पडली होती, ती झिंगूनं तुला विडीच्या तेंदूपानांच्या फडावर नेऊन दिली. तू घेतलीस, घडी करून खिशात ठेवलीस, फोडली नाहीस. मी विचारलं, दिसतो कसा? तो म्हणाला, "बरा हाय. पुड्यांचे शेकडे मोजते, वहीत लिवते. मी म्हटलं, माह्या ट्रकचं मागचं चाक गुणगुणून राह्यलं, जरा पाय. त म्हणे, चाकाले मी हात लावत नाई."

गॅरेजवाल्यानं तुला का काढलं तेही त्यानं सांगितलं. भद्रावतीहून कोणीतरी गेलं आणि बोललं, हा तोच, बहिणीच्या नवऱ्याचा पाय तोडणारा. तेव्हापासून त्याचं गिऱ्हाईक तुझ्या हातात गाडी देईना. गडचिरोलीला विचारलंस, तिथंही ही गोष्ट तुझ्या आधी पोचली होती. या जिल्ह्यात तुझ्यासारखा चाकाचा हात कोणाचा नव्हता, आणि तू पानांच्या पुड्या मोजतोस.

आता मी लिहिते. तू फोडशील की नाही ते देवाला ठाऊक.

पंच्याऐंशीच्या खंडेनवमीला तू दुपारी दोन्ही चाकांत नवी बेअरिंग टाकलीस. मग मी तुझे-यांचे सगळे पाने, हातोडी, पकड धुऊन पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. संध्याकाळी तू गाडी फिरवून आलास, चाक धरून पाहिलंस आणि दारात येऊन म्हणालास, "बाई, मोठा पाना दे व जरा. डावं चाक ढिलं पडलं. दोन मिनिट."

मी म्हटलं, "आज हत्यार उचलाचं नाई."

तू म्हणालास, "उचलाचं नाई, नुसतं लावून परत ठेवतो."

मी म्हटलं, "उद्या उत्तरपूजा झाली का घे. देव का पळून जाते?" तू हसलास. म्हणालास, "देव नाई पळत व, चाक पळते." आणि गल्लीत गेलास. मी दारातून बघत होते. पहिल्या घरून परत, दुसऱ्या घरून परत. सगळ्यांचेच पाने पाटावर. आणि ज्या एका घरी पाटावर नव्हते त्या घराला कुलूप. हे मला आता कळलं.

तू परत आलास आणि जेवायला बसलास. पानात पुरणपोळी होती. तू एक खाल्लीस. मला वाटलं, रुसला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी सहाला तुम्ही दोघं शर्यतीसाठी विमानपट्टीकडे निघालात, साहेब लोक घड्याळ लावून एकेक गाडी सोडणार होते. तेव्हा मी न्हाणीत होते. न्हाऊन नैवेद्य झाल्याशिवाय उत्तरपूजा कशी करणार. ती मी साडेसातला केली. पावणेआठला चाक निखळलं.

हे सगळं मी कोणालाच सांगितलं नाही. दवाखान्यात यांना शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा हेच बोलले, "श्रीहरीनं चाक ढिलं ठेवलं." तू पायाशी उभा होतास. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याचा ग्लास भरत होते, भरतच राहिले. ग्लास भरून पाणी खाली सांडलं. तू फडकं घेऊन फरशी पुसलीस आणि बाहेर गेलास. चौथ्या दिवशी तुझी पेटी घेऊन गेलास.

मी स्वतःला सांगत आले की मी देवाचं केलं. दीड वर्ष रोज पोथीचा अध्याय वाचला. एकही शब्द आत गेला नाही.

काल झिंगू गेल्यावर मी यांना सांगितलं. सांगताना मला भीती वाटत होती की घरातून काढतील. हे ताट पुढ्यात घेऊन बसले होते. ऐकलं आणि म्हणाले,

"मालूम हाय मले."

मी म्हटलं, काय मालूम आहे?

"पाना देला नाईस ते. त्यानं सकाळीच सांगतलं मले. भाऊजी, डावं चाक हलून राह्यलं, बाईची पूजा होऊ द्या, जरा थांबा. मी म्हटलं, चाक हाय त हलनच. पयला नंबर आपला हाय, चाल. अन् बसलो."

मी म्हटलं, मग दीड वर्ष त्याच्या नावानं...

"मंग कोणाच्या नावानं? तुह्या? तू मायेरी निघून गेली असती त मले मोरीपर्यंत कोणं नेलं असतं?" वरणात भात कालवत होते. "तो जवान होता. त्याले जाता येत होतं."

मी विचारलं, आणि तुमचं स्वतःचं? तुम्ही थांबला नाही ते?

ते जेवत राहिले. मग म्हणाले, "मीठ कमी हाय."

मी मीठ वाढलं. श्रीहरी, मी वाढलं.

कमला


ता. ४ मे १९८७

चि. श्रीहरीस आशीर्वाद.

अखाजीला बापूजी येऊन गाडी घेऊन गेले. नाती मागच्या सीटवर बसल्या होत्या. जाताना चाकाला मी हळदकुंकू लावलं नाही. बापूजींनी आठवण केली, तेव्हा त्यांच्या हाती करंडा दिला.

आता पुढचं लिहिते, ते चांगलं नाही.

मी एका कागदावर सगळं लिहून काढलं. नवमीच्या संध्याकाळी श्रीहरीनं पाना मागितला, मी दिला नाही, दसऱ्याच्या सकाळी त्यानं गाडी थांबवायला सांगितलं, ती थांबली नाही, त्याच्या कामात कसूर नव्हती. मॅट्रिकला अर्जलेखनात मला चांगले मार्क होते, तसंच मुद्द्याचं लिहिलं. खाली माझी सही केली आणि यांच्या सहीची जागा सोडली. यांच्यासमोर कागद ठेवला. दोनदा वाचला. म्हणाले, "तू लिवलं ते बराबर हाय."

मी म्हटलं, मग सही करा.

"नाई करत."

काऊन नाई?

"गल्लीत, कारखान्यात, सगळ्यायले मी दीड वर्ष सांगतलं. आता मीच खोटा म्हणून कसं सांगू? पाय गेला, आता तोंड पण जाऊ देऊ?"

मी तीन दिवस रोज कागद त्यांच्यापुढे ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून ती जुनी वाटी काढली, चाकाचं काम केलं त्या शनिवारपासून तिथंच होती, आणि कागदावर वजन म्हणून ठेवून दिली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. सही नाही. मी ती वाटी विहिरीत टाकली.

मग तो कागद तसाच, माझ्या एकटीच्या सहीचा, झिंगूबरोबर चामोर्शीच्या गॅरेजवाल्याकडे पाठवला. झिंगूनं त्याला वाचून दाखवला. मालक म्हणाला, "बहीण हाय ना त्याची? मंग बहीण भावासाठी हे नाई लिवन त कोण लिवन? तिच्या नवऱ्याची, वामनभाऊची सही कुठी हाय?" झिंगूनं भांडून पाहिलं. तो म्हणाला, "बाईमाणूस चांगलं हाय. भावाची अब्रू झाकते." आणि कागद परत दिला.

इथं गल्लीतही तेच झालं. केसरबाईला सांगितलं, तिनं मानलं, कारण तिच्या कुलपासमोर तू उभा होतास हे तिला आधीच ठाऊक. पण समोरची बुढी म्हणाली, "कमले, तू देवमाणूस. स्वतःवर घेते." मी ओरडून सांगितलं की स्वतःवर घेत नाही, ते माझंच आहे. ती माझ्या पाया पडली. त्या दिवशी जर दवाखान्यात, ग्लास हातात असताना मी एक वाक्य बोलले असते तर सगळ्यांनी मानलं असतं. आता खरं बोलते तर लोक त्याला माझं पुण्य समजतात, आणि तुझ्यावरचा डाग होता तिथंच राहतो. उलट घट्ट होतो. बहिणीला झाकावा लागला म्हणजे असेलच, असं.

मी हे घर सोडून जात नाही. तेही तुला सांगून टाकते, म्हणजे तू वाट पाहणार नाहीस. सकाळी यांना मोरीपर्यंत नेते, ताट वाढते, दुपारी पोथी उघडून बसते. हे बोलतात, मी बोलते. भाजी काय करू, पेन्शन कधी येते, एवढं. येणाऱ्याला आता ते तुझं नाव सांगत नाहीत, नुसतं "अॅक्सिडेंट झाला" म्हणतात. झिंगू म्हणतो, बाई, हेच खूप समजा. मला ते खूप समजता येत नाही. न सांगितल्यानं पूर्वीचं सांगितलेलं पुसलं जात नाही.

तुला बोलावतही नाही. कोणत्या तोंडानं बोलावू, आणि आलास तर यांच्यासमोर कुठे बसवू. माफी मागत नाही, कारण ती तू देशील हे मला माहीत आहे. तू फरशी पुसलीस तेव्हाच दिली होतीस, आणि तिनंच माझं तोंड दीड वर्ष बंद ठेवलं.

कागदाच्या मी हातानं पाच नकला केल्या आहेत. एक यासोबत आहे. चार माझ्याकडे उरल्या. तालुक्याचं गॅरेज, ट्रकमालक, ठेकेदार, तुझ्यासाठी मुलगी पाहिली होती ते घर, ज्याच्या नजरेत तुला सरळ उभं राहायचं आहे असा कोणी उरला असेल तर त्याचं नाव-गाव लिही. मी एस.टी.नं जाईन आणि त्याच्या दारात उभं राहून, बहीण म्हणून नाही, पाना न देणारी म्हणून सांगेन. तो मानील असं मला वाटत नाही. तरी जाईन. कोणीच उरला नसेल तर तेही एका ओळीत लिही, म्हणजे नकला जपून ठेवणार नाही. पाकीट न फोडता खिशात ठेवू नको, झिंगूला सांगितलं आहे की तुझ्यासमोर तोच फोडून वाचेल.

जे काय असेल ते उलट टपाली कळव.

कमला